पाटीला मराठी येते का?

५ ऑक्टोबर २०११. दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी काही विद्यार्थ्यांच्या हातात सात इंची टॅबलेट ठेवले. नाव ‘आकाश’. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच दिवशी अमेरिकेत स्टीव्ह जॉब्ज गेले. आपल्याकडे ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच लोकांसमोर आल्या. जॉब्जचा आयपॅड भारतात अधिकृतपणे आला होता त्याच वर्षीच्या जानेवारीत, किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे. आकाश सरकारला पडला सुमारे सव्वादोन हजारांना. एका आयपॅडच्या पैशांत बारा आकाश.

आकाशबद्दल पुढे जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक या हिशेबाबद्दल आणि मग त्याच्या फजितीबद्दल. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, जेमतेम तीन तास टिकणारी बॅटरी आणि नखाने दाबल्याशिवाय न ऐकणारा स्क्रीन. यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. मला मात्र एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. आकाशमध्ये अँड्रॉइड २.२ होतं, आणि अँड्रॉइड २.२ला मराठी येत नव्हती.

येत नव्हती म्हणजे काय, हे आज स्मार्टफोनवर हा लेख वाचणाऱ्याला कदाचित समजावून सांगावं लागेल. ‘किल्ला’ हा शब्द घ्या. फोनच्या मेमरीत तो असा साठवलेला असतो: आधी क, मग वेलांटी, मग ल, मग पाय मोडल्याची खूण, मग पुन्हा ल, मग काना. म्हणजे आपण ज्या क्रमाने उच्चार करतो साधारण त्या क्रमाने. पण कागदावर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येते आणि पहिला ‘ल’ अर्धा होतो. मेमरीतल्या क्रमातून डोळ्यांना दिसणारा शब्द तयार करायला मधे एक प्रोग्राम लागतो. तो वेलांटी उचलून मागे नेतो, जोडाक्षरं जुळवतो, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवतो. इंग्रजीला यातलं जवळपास काहीच लागत नाही. त्यामुळे जे लोक इंग्रजीत विचार करून यंत्रं बनवतात त्यांना हा प्रोग्राम सुरुवातीला आठवतच नाही.

तो प्रोग्राम नसेल तर वेलांट्या अक्षरांच्या मागे लोंबकळत राहतात आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्टच नसेल तर त्याहून वाईट, नुसते रिकामे चौकोन. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच आलंय.

तेव्हा लोक यावर तोडगे काढत. ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर होता. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि अगदी तळाशी जाऊन एक सेटिंग ‘यस’ करायचं. मग पानावरची देवनागरी अक्षरं म्हणून न येता सर्व्हरवरून चित्रं म्हणून यायची. डेटा जास्त जायचा, पान उशिरा उघडायचं, पण मराठी ब्लॉग वाचता यायचे. शाळेत असताना मी हा उद्योग निदान आठ-दहा जणांच्या फोनवर करून दिला असेल. गल्लीतला पहिला ‘टेक सपोर्ट’.

हे सगळं पुन्हा डोक्यात आलं ते अक्कलकोटच्या मामांमुळे. मामा जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी मला टॅब निवडून द्यायला सांगितलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे नातेवाइकांत ही जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. मी प्रोसेसर, रॅम, बॅटरी असं सुरू केलं. मामांनी मधेच तोडलं.

“ते तू बघ रे. मला एवढंच सांग, कन्नड येतं का त्याला? आणि मराठी? अक्षर फुटायला नको बघ.”

२०२५ सालात हा प्रश्न जुनाट वाटेल. पण मामांना तो विचारायचा अधिकार आहे. २०१३ साली त्यांनी सोलापुरातून एक स्वस्त टॅब आणला होता. कंपनीचं नाव आता घरात कुणाच्याच लक्षात नाही. त्यावर मराठी पेपर दिसायचा आणि कन्नड पेपरच्या जागी चौकोन. शाळेत कामाला येईल म्हणून घेतलेला टॅब शेवटी पोरांना गेम खेळायला गेला.

अक्कलकोट ज्यांना फक्त स्वामींच्या दर्शनामुळे आणि अन्नछत्रातल्या पंगतीमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. हा तालुका दोन लिप्यांत जगतो. घरात कन्नड आणि बाजारात मराठी, किंवा उलट. एकाच घरात थोरला मराठी शाळेत आणि धाकटी कन्नड शाळेत, असंही असतं. १९६७च्या महाजन आयोगाने तर अख्खा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने ती मानली नाही. राजकारण त्या फायलींत राहू द्या. माझ्या कामाचा मुद्दा एवढाच की अक्कलकोटच्या घरात येणाऱ्या पाटीवर दोन्ही लिप्या उमटायला हव्यात. एक चालून भागत नाही.

‘पाटी’ शब्द मुद्दाम वापरतोय. टॅबलेटला याहून चांगला मराठी शब्द मला सुचत नाही. शिवाय पाटीचा एक गुण आपण विसरून गेलोय. धूळपाटी असो, म्हणजे फळीवर धूळ पसरून काडीने अक्षरं गिरवायची ती, किंवा नंतरची लाकडी चौकटीतली दगडी पाटी, तिला लिपी ठाऊक नसे. बाळबोध लिहा, मोडी लिहा, कन्नड लिहा, दसऱ्याला पाटीपूजनासाठी सरस्वती काढा. पाटी बनवणाऱ्याने कुठली लिपी ‘दिली’ आहे हा प्रश्नच नव्हता. लिहिणाऱ्याला येतं ते पाटीला येतं.

हा प्रश्न सुरू झाला छपाईपासून. खिळे पाडायचे तर आधी कुणीतरी ठरवावं लागतं, कुठल्या लिपीचे. मोडीचेही खिळे पडले होते. बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८१० साली निघालेला विल्यम कॅरीचा मराठी कोश मोडी अक्षरांत आहे. पण पुढे छपाई बाळबोधीत स्थिरावली आणि मोडी आधी पुस्तकांतून, मग शाळेतून आणि शेवटी दप्तरातून गेली. त्यामागे एकच कारण नव्हतं. पण शेकडो वर्षं मराठी मुलखाचा कारभार जिच्यात चालला, ती लिपी आज वाचायला तज्ज्ञ शोधावा लागतो. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ साली, तोवर ती रोज लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. यंत्रात लिपी वेळेवर शिरली नाही तर काय होतं, याचा नमुना आपल्या घरातच आहे.

आता पुन्हा टॅबकडे. हातात मावणारा, मुलांनी कुठेही न्यावा असा संगणक ही कल्पना आयपॅडहून बरीच जुनी. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला, तो मुख्यतः मुलांसाठीच होता. तो कधी बनला नाही. पण स्वस्त डायनाबुक गरीब देशांत पोचवायचा ध्यास पुढे अनेकांनी घेतला, आणि त्यातले दोन प्रयत्न आपल्या आसपासचे आहेत.

पहिला बेंगळुरूचा. भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर बनवला. ट्रस्ट १९९९चा, पहिली यंत्रं २००१ची, आणि ‘अमिडा’ नावाने बाजारात आला २००४ साली. हातात धरायचा, लेखणीने चालवायचा. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी यंत्राने बोलावं म्हणून त्यांनी ‘ध्वनी’ हे सॉफ्टवेअर केलं, आणि ते हिंदी आणि कन्नडमध्ये बोलायचं. दुसरी, एकट्यादुकट्याला हा परवडणार नाही हे मान्य करूनच तो बनवला होता. यंत्र गावाचं आणि प्रत्येकाचं स्मार्ट कार्ड वेगळं. कार्ड घातलं की आपली माहिती आपल्यासमोर. भाषेचा आणि वापराचा विचार आधी झाला होता. चुकली ती किंमत. नऊ हजारांचं लक्ष्य होतं, बाजारात तो त्याहून महाग पडला, आणि तेवढ्यात मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत गेले. विकले गेले ते काही हजारच.

दुसरा प्रयत्न ‘ओएलपीसी’चा, म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगभर गाजलेला. भारत सरकारने २००६ साली त्याला नकार दिला, तरी २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट या गावी, एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांना ते लॅपटॉप मिळाले. भारतातला तो पहिला प्रयोग. या यंत्राचा स्क्रीन गोल फिरवून उलटा मिटला की त्याची पाटी व्हायची. आणि भर उन्हात, मागचा दिवा बंद करून, कृष्णधवल अक्षरं स्पष्ट वाचता यायची. भरदुपारी एसटीच्या खिडकीशी बसून टॅबवर काही वाचायचा प्रयत्न केलेला माणूस सांगेल की ही सोय आज वीस हजारांच्या टॅबमध्येही नाही. त्यांनी देवनागरी कळफलकही तयार केला होता. पण शंभर डॉलरचं यंत्र प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेलं.

आणि मग आकाश. इथे क्रम उलटा झाला. आधी आकडा जाहीर झाला. २००९च्या सुरुवातीला दहा डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा झाली. तिरुपतीत समोर आलं ते लॅपटॉप म्हणावं असं काही नव्हतं. जुलै २०१०मध्ये ३५ डॉलरच्या टॅबचा नमुना दाखवला गेला. आकडा आधी ठरल्यावर इंजिनिअरला एकच काम उरतं, कापत जाणं. स्क्रीन कापला, बॅटरी कापली, रॅम कापली. तरी प्रत्यक्ष किंमत पन्नास डॉलरच्या आसपास गेली. मग प्रकल्प सांभाळणारी आयआयटी राजस्थान आणि टॅब पुरवणारी डेटाविंड यांच्यात चाचण्यांवरून वाद झाला. पावसात, धक्क्यात टिकेल असा टॅब त्या किमतीत मागणं म्हणजे वडापावच्या पैशांत थाळी मागण्यासारखं होतं. २०१२ साली काम आयआयटी मुंबईकडे गेलं.

त्या सगळ्या वादात ‘याला शिकणाऱ्याची भाषा येते का’ हा प्रश्न ठळकपणे कुठे दिसत नाही. किंमत, बॅटरी, टिकाऊपणा, कंत्राट, सगळ्यावर बोललं गेलं. शाळा-कॉलेजांसाठीच्या यंत्रावर भाषा हा जणू नंतर टाकायचा एखादा अ‍ॅप होता.

आकाश-२ हा बराच सुधारलेला टॅब ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आला. बोटाला प्रतिसाद देणारा स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.०. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आमच्या लॅबच्या कपाटात काही आकाश-२ होते, बॅटऱ्या संपलेले, एकावर एक रचलेले. अँड्रॉइड ४.०च्या सुमारास देवनागरी बऱ्यापैकी जुळू लागली होती. पण कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या लिप्या मूळ अँड्रॉइडमध्ये आल्या ४.१मध्ये, म्हणजे २०१२च्या मध्यात. फरक एका दशांशाचा. पण तेवढ्यात अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळा पलीकडे राहत होत्या, आणि मामांचा २०१३चा टॅबही नेमका त्याच दशांशात अडकला होता. दुकानदाराने जुना माल काढला असणार. बॉक्सवर ‘४.०’ वाचून त्याचा अर्थ कळणारं गिऱ्हाईक तेव्हा किती होतं?

यानंतरचा इतिहास भराभर सांगता येतो, कारण तो टॅबपेक्षा फोनच्या बाजूने घडला. २०१४च्या अँड्रॉइड ५.०मध्ये मेन्यूच्या भाषा वाढल्या, त्यात मराठी आणि कन्नड एकाच यादीत आल्या. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने बोलून टाइप करायची सोय आठ भारतीय भाषांत वाढवली, तिथेही दोघी एकत्र. हे कुणी आपल्यावर उपकार म्हणून केलं नाही. पुढचे कोट्यवधी ग्राहक इंग्रजी न येणारे असणार, हे कंपन्यांना तोवर कळलं होतं. सरकारी घोषणेने जे झालं नाही ते बाजाराच्या गरजेने झालं, हे मान्य करायला मला फारसं आवडत नाही, पण तसंच झालं. कपाटातल्या आकाशमध्ये बिघाड नव्हता. बाहेरच्या फोननी त्याला मागे टाकलं, इतकंच.

सोलापूर जिल्ह्यात याला एक वेगळं वळण मिळालं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरच कोड छापून येऊ लागले, २०१७मध्ये केंद्राचं ‘दीक्षा’ आलं, आणि २०२०मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. मला यात इतिहासाच्या अंगाने महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी पुस्तकाला हटवलं नाही. यंत्र घरात एकच असेल आणि तेही बापाच्या खिशात, हे गृहीत धरून कागद आणि पडदा एकत्र बांधले. सिम्प्युटरवाल्यांनी स्मार्ट कार्डाने जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे कागदावरच्या एका काळ्या-पांढऱ्या चौकोनाने झालं.

मग २०२० आलं आणि घरातलं ते एक यंत्र सकाळी दहा वाजता तिघांना हवं झालं. टॅब ही चैनीची वस्तू नाही असं अक्कलकोटसारख्या गावात लोक प्रथमच म्हणू लागले ते तेव्हा. मामांच्या गल्लीत त्या वर्षी दोन घरांत टॅब आले, दोन्ही हप्त्यांवर.

आता मामांची खरेदी. निवृत्तीनंतर ते संध्याकाळी गल्लीतल्या सात-आठ मुलांना शिकवतात, काही मराठी माध्यमाची, काही कन्नड. पुस्तकावरचे कोड स्कॅन करायचे म्हणजे मागचा कॅमेरा ऑटोफोकसचा हवा. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा तो नसतो. किती मेगापिक्सेल ते मोठ्या अक्षरांत छापतात आणि फोकसबद्दल गप्प बसतात. दुकानात एखाद्या बिलावरचा किंवा पैसे भरायच्या फलकावरचा कोड वीतभर अंतरावरून स्कॅन करून पाहिला की पाच सेकंदांत निकाल लागतो.

आकारावरून आमचा बराच खल झाला. मामांना टॅब शबनममध्ये मावणारा हवा होता, कारण महिन्यातून दोनदा तरी एसटीने सोलापूर होतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि वाचायचं असतं ते बहुतेक पीडीएफ, म्हणजे अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते. म्हणून मी गणित मांडलं. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद. अकरा इंची टॅब उभा धरला तर रुंदी मिळते साधारण १४.८ सेंटिमीटर, म्हणजे अक्षर मूळच्या सत्तर टक्के. पावणेनऊ इंचीवर ते छप्पन्न टक्के होतं, आणि आकाशसारख्या सात इंचीवर चाळीसच्या आसपास. इंग्रजीत चाळीस टक्क्यांवर एकवेळ निभतं. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार असतात, ते लहान झाले की ‘के’ आणि ‘कै’ सारखेच दिसतात. कन्नडमध्ये तर ओळीखाली लटकणारी ‘ओत्तक्षरं’ असतात. अकरा इंची ठरला. मामींनी जुन्या सतरंजीच्या कापडाची मोठी पिशवी शिवली.

बाकीचं मी पटापट ठरवलं. रॅम चार जीबीच्या खाली नको, कारण वर्षभराने अ‍ॅप्स जड होतात. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असेल तरच विचार करायचा. सिम घालायची सोय हवी, नाहीतर एसटीत निम्मा वेळ फोनचं हॉटस्पॉट चालू-बंद करण्यात जातो. आणि सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का ते आधी विचारायचं. चाळीस किलोमीटर परवडतं, पुण्याला कुरिअर करणं परवडत नाही. गेमिंगचे आकडे, चार-चार स्पीकर, असल्या गोष्टींवर विक्रेता कितीही बोलला तरी मान डोलवायची आणि पुढे जायचं.

उन्हाचं मात्र माझ्या यादीत नव्हतं, ते मामांनी विचारलं. शोधलं तर आयपॅडसाठी अ‍ॅपल जे वापराचं तापमान देतं ते ० ते ३५ अंशांचं आहे. सोलापूरच्या मे महिन्यात सावलीतला पाराच चाळीस ओलांडतो. तापला की टॅब आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि बॅटरीचं आयुष्य गुपचूप घटत राहतं. त्यावर खरेदीत करता येण्यासारखं फारसं काही नाही. वापरातच सांभाळावं लागतं.

खरेदी सोलापूरच्या दुकानातून केली, ऑनलाइनपेक्षा सात-आठशे रुपये जास्त देऊन. कारण मामांना हातात घेऊन बघायचा होता. विक्रेत्याने आधी सिनेमाचा ट्रेलर लावला. मामांनी तो बंद केला, नोट्सचं पान उघडायला लावलं आणि कळफलकावर भाषा बदलून हळूहळू दोन ओळी टाइप केल्या, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. मग चष्मा वर करून टॅब डोळ्यांजवळ नेला आणि जोडाक्षरं एकेक करून तपासली, वही तपासतात तशी. विक्रेता म्हणाला, “सर, सगळ्यात सगळ्या भाषा असतात आता.” मामा म्हणाले, “असतील की. पण बघून घेतो.”

टॅब आता सहा महिन्यांचा झालाय. उन्हाळ्यात तो दुपारी बारा ते चार कपाटात असतो. तसं वेळापत्रक मामांनी कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, दोन्ही लिप्यांत, पेनाने लिहून.